शिकारी रायफलची बॅरल: जाड घ्यावी की बारीक?

इंदूरमध्ये रायफलच्या बॅरलबद्दल विचारणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणजे रेंजवर .२२ची, म्हणजे छोट्या काडतुसाची रायफल हातात घेऊन थोडेच दिवस झालेली मुलंमुली. त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर असतो, नाहीतर २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे. दुसरे म्हणजे इथून न्यूझीलंडला, टेक्सासला जाऊन स्थिरावलेली आपलीच पोरं. तिकडच्या मित्रांबरोबर हरणाच्या हंगामात जायचं ठरतं, दुकानात एकाच रायफलच्या तीन-चार जाडीच्या नळ्या समोर येतात आणि फोन इथे येतो, "काका, जाड घेऊ की बारीक?"

हा लेख त्या दुसऱ्यांसाठी आहे. रेंजवाल्यांनीही वाचावा, कारण त्यांच्या हातातली जाड नळी शिकारीला जशीच्या तशी का चालत नाही, हे त्यातून कळेल.

माझं उत्तर नेहमी एकाच प्रश्नापासून सुरू होतं. तुझ्यासाठी थंड नळीतून निघणारी पहिली गोळी महत्त्वाची, की तापलेल्या नळीतून निघणारी दहावी? शिकाऱ्याचं काम पहिल्या गोळीत होतं. जनावर उभं असतं, एक गोळी जाते, फार तर दुसरी. बॅरलचं वजन, जाडी आणि लांबी ठरवताना हे डोक्यात पक्कं असलं की दुकानदाराच्या बोलण्यात वाहून जायला होत नाही.

आधी कायदा

भारतात शिकार बंद आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ने ती बंद केली. माळव्यात रोजडे, म्हणजे नीलगायी, हरभऱ्याची आणि गव्हाची काय गत करतात हे देवास-शाजापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण तिथेही कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. घरात लायसनची बंदूक आहे म्हणून शेतात जाऊन रोजडा मारता येत नाही. राळामंडळची टेकडी एके काळी होळकरांची शिकारीची जागा होती. वरची शिकारकोठी अजून उभी आहे आणि आज सगळा परिसर अभयारण्य आहे. मला हे मनापासून बरं वाटतं. तेव्हा खालचं सगळं जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यासाठी, किंवा इथे रेंजवर नेम मारणाऱ्यांसाठी.

बाहेरदेशी गेलेल्यांनीही कागद आधी बघावेत. न्यूझीलंडमध्ये सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर बंदुकीचं लायसन काढता येतं आणि सरकारी संरक्षित जमिनीवर शिकारीसाठी तिथल्या संवर्धन खात्याचं परमिट लागतं. अमेरिकेत एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना एरवी बंदूक बाळगायला मनाई आहे. त्यातून सूट मिळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तिथल्या राज्याचं चालू शिकार-लायसन. ते हातात येईपर्यंत दुकानात जाऊन बॅरल चाचपण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: चालणार किती, बसणार किती

दोन टोकं बघा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ताहर मिळतो. हा मूळचा आपल्या हिमालयातला रानबकरा. १९०४ साली तिथल्या डोंगरांत सोडला आणि इतका फोफावला की आता त्याची संख्या आटोक्यात ठेवावी लागते. त्याच्यामागे जायचं म्हणजे दिवसभर कडे चढायचे, रायफल पाठीवर, आणि शेवटी एक गोळी. दुसरं टोक दक्षिण टेक्सासचं. आपली नीलगाय तिथल्या किंग रँचमध्ये गेल्या शतकाच्या पूर्वार्धात नेऊन सोडली होती, आज ती मोकळी फिरते आणि तिची शिकार होते. तिथे बरेचदा गाडीतून उतरून मचाणापर्यंत जायचं आणि तासन् तास बसायचं. पहिल्या माणसाला अर्धा किलो जास्त झाला तर संध्याकाळी खांदा बोलतो. दुसऱ्याला कळतसुद्धा नाही.

आपण कुठल्या टोकाकडे आहोत हे मनातल्या मनात ठरवू नका. पिशवीत एकेक लिटर पाण्याच्या चार बाटल्या भरा आणि टेकडी चढा. डिसेंबरात घरी आलात तर राळामंडळ किंवा महूजवळचं जानापाव आहेच. चार लिटर म्हणजे चार किलो, आणि दुर्बीण लावलेल्या साध्या शिकारी रायफलचं वजन साधारण तेवढंच भरतं. वर पोचल्यावर बसून नाही, उभं राहूनच श्वास किती वेळात खाली येतो ते बघा. दम लागलेला असताना लावलेला नेम कुठल्याच बॅरलला सावरता येत नाही.

दुसरी पायरी: पूर्ण वजनाची बेरीज

नवखा माणूस फक्त कॅटलॉगमधला आकडा वाचतो. तो आकडा नुसत्या रायफलचा असतो. फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट घ्या, ती भरते सुमारे २.९ किलो. त्यावर दुर्बीण आणि तिच्या कड्या धरून अर्धा ते पाऊण किलो. पट्टा आणि मॅगझिनमधली काडतुसं दोन-तीनशे ग्रॅम. न्यूझीलंडमध्ये बहुतेक जण सायलेन्सर लावतात, तो आणखी तीन-चारशे. झाली की नाही सव्वाचार किलोच्या आसपास? आणि ही 'लाइट' म्हणून विकली जाणारी रायफल.

पण वजन उतरवायचं म्हणून उतरवत सुटू नका. तेच काडतूस चार किलोऐवजी तीन किलोच्या रायफलमधून उडवलं तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. नवीन माणसाला धक्क्याची भीती बसली की ट्रिगर दाबायच्या आधीच त्याचे डोळे मिटतात, आणि ही खोड जायला फार वेळ लागतो. म्हणून .३०-०६ किंवा त्याहून मोठं काडतूस असेल तर पहिली रायफल सगळं धरून पावणेचार किलोच्या खाली नेऊ नये, असं माझं मत आहे. .२४३ किंवा ६.५ क्रीडमोरसारख्या सौम्य काडतुसाला सव्वातीन-साडेतीनही चालेल.

तिसरी पायरी: प्रोफाइल समजून घ्या

प्रोफाइल म्हणजे नळीची बाहेरची जाडी मागून पुढे कशी उतरत जाते ते. मागे, जिथे काडतूस बसतं, तिथे जाडी सगळ्यांचीच भरपूर असते, कारण स्फोटाचा दाब तिथे सर्वात जास्त असतो. फरक पडतो तो पुढे. तोंडाशी साधारण १४-१५ मिलिमीटर असेल तर ती हलकी शिकारी नळी. १६-१७ असेल तर नेहमीची शिकारी, जिला दुकानात स्पोर्टर म्हणतात. २१-२२ झाली की ती व्हार्मिंट किंवा हेवी. आणि मागून पुढे जवळजवळ सारखीच जाड, दंडगोल, ती बुल. कंपनीगणिक नावं बदलतात, एकाची 'लाइट' दुसऱ्याच्या 'स्टँडर्ड'एवढी असते. म्हणून नावावर जाऊ नका, व्हर्नियर कॅलिपर लावून तोंडाची जाडी मोजून घ्या.

आता थोडं गणित, कारण माझ्या मते सगळ्या निवडीचं मूळ इथे आहे. .३० कॅलिबरची, म्हणजे आत ७.६२ मिलिमीटरचं भोक असलेली नळी धरा. तोंडाजवळचा एक इंचाचा तुकडा १५ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं वजन होतं सुमारे २६ ग्रॅम. तोच तुकडा २२ मिलिमीटर जाडीचा असेल तर ६७ ग्रॅम. वजन अडीच पट झालं. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, त्यामुळे ताठपणा झाला जवळजवळ पाच पट. जाड नळीची सगळी ख्याती या एका गोष्टीवर उभी आहे. गोळी सुटताना प्रत्येक नळी कंप पावते, ताठ नळी कमी पावते. तिला उष्णता शोषायला लोखंडही जास्त असतं, म्हणून ती सावकाश तापते.

बारीक नळी लवकर तापते. तापल्यावर तिच्या पोलादात बनवतानाचे जे ताण राहून गेलेले असतात ते असमान मोकळे होतात आणि गोळ्या एका बाजूला सरकू लागतात. पहिल्या दोन एकमेकींना चिकटून, तिसरी जरा वर, चौथी वर आणि उजवीकडे. नवखा माणूस घाबरून दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतो, आणि नळी थंड झाली की पहिली गोळी भलतीकडे जाते. चांगल्या कारखान्यात नळीचे ताण उष्णता देऊन नीट काढलेले असले तर बारीक नळीसुद्धा फारशी सरकत नाही. म्हणजे बारीक आणि उत्तम बनवलेली नळी, जाड आणि हलगर्जीपणे बनवलेल्या नळीपेक्षा केव्हाही बरी.

मग शिकाऱ्याला किती नेमकेपणा पुरतो? हरणाचं हृदय-फुप्फुस मिळून मर्मस्थान साधारण २० सेंटिमीटरचं असतं. समजा हलक्या नळीने १०० मीटरवर तीन गोळ्या चार सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकल्या. २०० मीटरवर ते वर्तुळ आठ सेंटिमीटरचं होईल. निम्म्याहून जास्त जागा तुमच्या हाताच्या थरथरीसाठी आणि वाऱ्यासाठी शिल्लक राहिली. हेवी बॅरलने ते आठचं पाच झालं तरी हरणाच्या दृष्टीने काही बदललं नाही, तुमच्या खांद्यावर मात्र किलोभर वाढलं. २४ इंची हलकी नळी साधारण ११०० ग्रॅमची, हेवी दोन किलोच्या वर.

रेंजवाल्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. ५० मीटर थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेम मारायच्या स्पर्धेच्या) पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात आणि रायफली जड असतात, पण तिथे जाडीचं मुख्य कारण उष्णता नव्हे. .२२च्या काडतुसात दारू असते इवलीशी, नळी फारशी तापतच नाही. तिथे वजन लागतं ते स्थिरतेसाठी, जड वस्तू हाताच्या बारीक थरथरीला दाद देत नाही म्हणून. शिकारीतही उभ्याने नेम लावताना पुढच्या बाजूला थोडं वजन असलेली रायफल जास्त स्थिर राहते. त्यामुळे अगदी पेन्सिलीसारखी नळी मी नवख्याला सुचवत नाही. तोंडाशी १६ मिलिमीटरच्या आसपासची, नेहमीची स्पोर्टर, ही बहुतेकांसाठी योग्य निवड आहे. दिवसभर कडे चढणाऱ्याने १४-१५ घ्यावी. मचाणावर बसून लांबवर नेम मारणाऱ्याने, किंवा ससे नाहीतर रानडुकरं एकामागोमाग टिपायची असतील त्याने, १८-२० कडे जावं. २२च्या हेवीला शिकारीत जागा फार थोडी.

चौथी पायरी: लांबी, आणि तोंडाला काय लावणार

लांबीबद्दल गैरसमज खूप. लांब नळी जास्त अचूक असते हे खरं नाही. लांबीने वेग वाढतो, तोही .३०८ सारख्या काडतुसाला इंचामागे साधारण २० ते २५ फूट प्रतिसेकंद. .२२ला तर सोळा-एक इंचानंतर लांबीचा काही उपयोगच राहत नाही. उलट आखूड नळी ताठ असते. ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात जातो, त्यामुळे २६ इंचांऐवजी त्याच जाडीची २२ इंची घेतली तर ताठपणा दीडपटीहून जास्त वाढतो. बारीक नळी घ्यायची आणि ताठपणाही हवा असेल तर लांबी कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. मोठ्या मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या काडतुसांना मात्र २४-२६ इंच द्यावेत, नाहीतर अर्धी दारू तोंडाबाहेर जळते आणि कान फाटतात.

सायलेन्सर लावायचा असेल तर हे आधीच ठरवा, कारण नळीच्या तोंडावर आटे पाडावे लागतात. अमेरिकी पद्धतीच्या पाच-अष्टमांश इंची आट्यांना जवळजवळ १६ मिलिमीटर लागतात, शिवाय सायलेन्सर टेकायला मागे खांदा हवा. म्हणजे तोंडाची जाडी १८ मिलिमीटरच्या आसपास हवी. बारीक नळीला १४ मिलिमीटरचे युरोपी आटे पाडतात, पण त्यासाठीही खांद्यापुरती जागा हवीच. १४ मिलिमीटरची पेन्सिल घेऊन मग तिला जड सायलेन्सर लावायला निघालेली माणसं मी बघितली आहेत, आणि बंदूक-कारागिराने नकार दिल्यावर त्यांचे चेहरेही. सायलेन्सर धरून एकूण लांबी वाढते, म्हणून अशा रायफलला १८ ते २० इंची नळी बरी.

फ्लूटिंग, म्हणजे नळीवर लांबट खाचा पाडलेल्या असतात त्या: तेवढ्याच जाडीच्या सपाट नळीपेक्षा ती हलकी असते पण कमी ताठ असते. तेवढ्याच वजनाच्या सपाट नळीपेक्षा मात्र जास्त ताठ. कार्बन फायबर गुंडाळलेली नळी जाड दिसते, हलकी असते, चांगली असते आणि पहिल्या रायफलसाठी अनाठायी महाग असते. तो पैसा काडतुसांवर घालवा.

पाचवी पायरी: दुकानात हातात घेऊन

रायफल हातात आली की आधी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उघडा, आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. दुकानदाराने तपासलेलं असलं तरी आपण तपासायचं. तोंड कुणाकडेही रोखायचं नाही.

मग एक कोरी नोट घ्या, दहाची असो की डॉलरची. ती नळी आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या दस्त्याच्या मधल्या फटीत पुढून सरकवा आणि मागे मागे ओढत न्या. चेंबरच्या जवळपर्यंत ती कुठेही न अडता गेली पाहिजे. अडली, तर नळी तिथे दस्त्याला टेकते आहे, आणि तापल्यावर किंवा पावसात लाकूड फुगल्यावर गोळी सरकणार. मग दस्ता मुठीत धरून नळीकडे थोडा दाबून पुन्हा नोट फिरवा. पातळ प्लॅस्टिकचे दस्ते इथे उघडे पडतात: नुसते बघताना फट दिसते, जरा दाब पडला की नोट अडकते. दोन पायांच्या स्टँडवर ठेवून नेम मारताना हेच होणार आहे. काही रायफलींत नळीला पुढे मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेला असतो. तिथे ही परीक्षा लागू नाही.

नंतर तोल बघा. रायफल एका बोटावर आडवी ठेवा. तोल मॅगझिनच्या पुढच्या टोकाशी, दस्त्याच्या पुढच्या स्क्रूच्या आसपास मिळाला तर चालताना एका हातात धरायला सोपी जाते. तिथून दोन-तीन इंच पुढे गेला तर नळी तुमच्या कामासाठी जड आहे. हे दुर्बीण लावलेली असताना करा, सायलेन्सर घेणार असाल तर तोही लावून.

सहावी पायरी: थंड नळीची वही

रायफल घेतल्यावर लोक रेंजवर जातात, वीस गोळ्या सलग उडवतात, शेवटच्या पाच एकत्र आल्या की खूश होऊन घरी येतात. शिकाऱ्यासाठी हा सराव जवळजवळ निरुपयोगी आहे. त्या पाच गोळ्या तापलेल्या नळीतून गेल्या, आणि जंगलात नळी कधीच तापलेली नसणार.

त्याऐवजी असं करा. एक टार्गेट कागद घरी जपून ठेवा. रेंजवर गेलात की सर्वात आधी, नळी पूर्ण थंड असताना, त्याच कागदावर १०० मीटरवर एक गोळी. कागद काढून ठेवा, भोकाशेजारी तारीख आणि हवेचा अंदाज लिहा: ऊन, थंडी, वारा. मग बाकीचा सराव दुसऱ्या कागदावर. पुढच्या वेळी पुन्हा तोच जुना कागद, पुन्हा पहिली एकच गोळी. अशी भोकं साठत गेली की जो पुंजका दिसतो तो तुमच्या रायफलचा शिकारीतला खरा नेमकेपणा. दुर्बीण त्या पुंजक्याच्या मध्यावर जुळवा, तापलेल्या गटावर नव्हे.

बारीक नळी असेल तर उरलेल्या सरावात तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी थंड होऊ द्या. तोंडाजवळ नाही, चेंबरच्या पुढे हात लावून बघा, तिथे ती जास्त तापते. हात टेकवून ठेवता येत नसेल तर थांबा.

नळी साफ करून तेल लावलं असेल तर पहिली गोळी बहुधा वेगळीकडे जाते. म्हणून हंगामाच्या आधी साफसफाई करून, तेल पुसून, रेंजवर दोन-तीन गोळ्या उडवून ठेवा आणि मग हंगामभर आतून घासू नका. पावसात भिजली तर बाहेरून पुसा, आतून कोरडा कपडा एकदा फिरवा. काडतुसाची कंपनी किंवा गोळीचं वजन बदललं की कागद नवा घ्यायचा आणि सगळं पहिल्या भोकापासून सुरू करायचं, कारण त्याच नळीचा कंप वेगळ्या काडतुसाला वेगळा असतो.